सूर्याचा वारा कंग्राळीत कसा मोजावा

२०२४ सालची अक्षय तृतीया १० मे रोजी होती. बसव जयंतीही त्याच दिवशी. रात्री साडेदहाच्या सुमारास सूर्याकडून आलेल्या भारित कणांचा एक लोंढा पृथ्वीवर आदळला आणि ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलंच सर्वांत तीव्र प्रतीचं भूचुंबकीय वादळ सुरू झालं. लडाखमध्ये हानले इथे आकाश तांबडं दिसलं, त्याचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. आपल्याकडे आकाश नेहमीसारखंच होतं. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आसपास बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र रोजच्यापेक्षा सुमारे एक टक्क्यानं घटलेलं होतं. गावात कोणाकडे मोजायचं साधन असतं, तर ती घट नोंदवता आली असती.

असं साधन घरी किंवा शाळेत करता येतं. कसं करायचं ते या लेखात सांगतो. अशा वादळाची बातमी आली की मोबाइल, ड्रोन, वीज आणि तब्येत यांची काळजी किती करायची, तेही सांगतो, कारण त्या काळजीच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं.

आधी वाऱ्याबद्दल. सूर्याभोवतीचं प्रभामंडल इतकं तापलेलं आहे की त्यातले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सूर्याच्या गुरुत्वाला न जुमानता सतत बाहेर वाहत असतात. यूजीन पार्कर यांनी १९५८ साली हे गणितानं मांडलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. १९६२ साली मरिनर २ या यानानं शुक्राकडे जाताना तो वारा मोजून दाखवला. नेहमीचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सूर्यापासून इथवर यायला साधारण चार दिवस. दाटी म्हणाल तर एका घनसेंटिमीटरला पाचेक कण. इतक्या विरळ वाऱ्यालाही दाब असतो. पावसाळ्यात मार्कंडेय नदीचं पाणी पुलाच्या खांबापुढे दुभंगून दोन्ही अंगांनी जातं आणि खांबामागे लांब शेपूट सोडतं, तसाच हा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापुढे दुभंगतो. सूर्याकडच्या बाजूला हे क्षेत्र त्याला सुमारे ६५ हजार किलोमीटरवर अडवतं. मागच्या बाजूला त्याची शेपटी चंद्राच्याही पलीकडे जाते.

वाऱ्याचा जोर वाढला की ही सीमा आत रेटली जाते. आतलं क्षेत्र दाबलं जातं आणि जमिनीवरच्या उपकरणात क्षेत्र एकदम काही दशक नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) वाढतं. वादळाची पहिली वर्दी ती हीच. उलटंही घडतं. ११ मे १९९९ रोजी सौरवारा नेहमीच्या दोन टक्क्यांइतका विरळ झाला होता, तेव्हा आपलं चुंबकावरण कित्येक पट फुगलं.

पण नुसत्या जोरानं वादळ होत नाही, आणि बातम्यांत नेमकं हेच सुटतं. सौरवारा आपल्यासोबत सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही वाहून आणतो. त्याची दिशा उत्तरेकडे असेल तर वेगवान वाराही पृथ्वीला फारसा त्रास न देता निघून जातो. ती दक्षिणेकडे असेल, आणि तासन्‌तास तशीच राहिली, तर त्या रेषा पृथ्वीच्या रेषांना जोडल्या जातात, दार उघडतं आणि ऊर्जा आत शिरते. जेम्स डंगी यांनी १९६१ साली ही जोडणी सांगितली. आत शिरलेले कण विषुववृत्ताच्या वर, काही पृथ्वी-त्रिज्यांवर, पृथ्वीभोवती फेर धरतात. त्यांचा मिळून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा विजेचा प्रवाह तयार होतो, त्याला वलयप्रवाह म्हणतात. या प्रवाहाचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडच्या जमिनीवर दक्षिणेकडे असतं, आणि म्हणून आपलं उत्तरेकडचं क्षेत्र तेवढं कमी होतं. वादळ ओसरलं की हा प्रवाह हळूहळू, दोन-चार दिवसांत विरतो.

तेव्हा टीव्हीवर ‘सूर्यावर प्रचंड स्फोट’ असं झळकलं की लगेच घाबरू नका. लोंढा पृथ्वीच्या रोखानं आहे का, हा पहिला प्रश्न. त्यातल्या क्षेत्राची दिशा काय, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर लोंढा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या पहिल्या लाग्रांज बिंदूवर पोचेपर्यंत कोणालाही नीट देता येत नाही. तिथे बसलेली यानं मोजतात आणि कळवतात. आपलं आदित्य-एल१ देखील ६ जानेवारी २०२४ पासून तिथे आहे. वाऱ्याचे कण मोजणारं आणि क्षेत्राची दिशा मोजणारं, अशी दोन्ही उपकरणं त्यावर आहेत. तिथून पृथ्वीपर्यंत यायला वाऱ्याला अर्धा ते एक तास लागतो. खात्रीची सूचना म्हणायची ती तेवढीच. ‘परवा रात्री दहा वाजता वादळ’ असं कोणी घड्याळ लावून सांगत असेल, तर सांगणाऱ्याला आपण काय सांगतोय ते कळत नाही असं समजा.

सुई वळत नाही, मग मोजायचं काय?

इंटरनेटवर शोधलं तर इंग्लंड-स्कॉटलंडच्या शाळांसाठी लिहिलेला एक सोपा प्रयोग सापडतो. काचेच्या बरणीत दोऱ्यानं चुंबक टांगायचा, त्याला आरसा चिकटवायचा, आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका भिंतीवर पाहायचा. वादळात ठिपका सरकतो. तिकडे सरकतोही. बेळगाव भागात मात्र हाच प्रयोग केला तर निराशा पदरी पडण्याचीच शक्यता जास्त.

कारण साधं आहे. टांगलेला चुंबक क्षेत्राची दिशा दाखवतो. ध्रुवांजवळच्या प्रदेशात वादळात डोक्यावरून वाहणारे प्रवाह क्षेत्राला पूर्व-पश्चिम ढकलतात, म्हणून सुई वळते. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत. ते तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या बाजूनं जातं. इथे वलयप्रवाह क्षेत्र वळवत नाही, उत्तर-दक्षिण रेषेतच त्याची ताकद घटवतो. उत्तरेकडे तोंड करून उभी असलेली सुई ताकद घटल्यावरही उत्तरेकडेच तोंड करून राहणार. कंग्राळीत क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३९ हजार नॅनोटेस्ला आहे. मोठ्या वादळात तो तीन-चारशेंनी घटतो. मोजायला हवी ती ही घट.

आणि हे इथल्या लोकांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोजलेलं आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेचे काही काळ प्रमुख होते. गणिती केरूनाना छत्रे कोवळ्या वयात, १८४० च्या सुमारास, तिथे साहाय्यक म्हणून लागले आणि हवामानाच्या नि लोहचुंबकाच्या वेधांत तरबेज झाले. मराठी शाळांत केरूनानांचं नाव पाठ्यपुस्तकं लिहिणारे म्हणून येतं. रात्री-अपरात्री चुंबकाचं वाचन टिपणारे केरूनाना कोणी सांगत नाही.

२ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्यातल्या निरीक्षकांनी जे टिपलं, ते आज जगभरचे अभ्यासक वापरतात. आदल्या दिवशी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर पांढरा झगमगाट पाहिला होता. सतरा-अठरा तासांनी लोंढा पृथ्वीवर आला. कुलाब्यात एरवी तासातासाला वाचन घेत. क्षेत्र बिघडायला लागलं की काही मिनिटांच्या अंतरानं घेत. त्यामुळे आडव्या क्षेत्राची सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण वहीत उतरली. त्या वादळाची विषुववृत्ताजवळची इतकी नीट नोंद दुसरीकडे नाही. नंतर ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याचं आणि तारायंत्राच्या कामात अडथळे आल्याचं नोंदलेलं आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह जमिनीतून परततो आणि नाजूक उपकरणांना वेड लावतो. वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख नानाभाई मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवायचं ठरवलं. १९०४ साली अलिबागेत नोंदी सुरू झाल्या, आणि जुन्या-नव्या जागेचा मेळ बसावा म्हणून दोन्हीकडे १९०६ पर्यंत एकाच वेळी वाचनं घेतली. इमारत पोरबंदरच्या चुंबकत्व नसलेल्या दगडात बांधली, लोखंड वर्ज्य. आज ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. आपल्याला त्याहून जवळचं ठिकाण हवं असेल तर संस्थेचं एक केंद्र कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे. निपाणीहून ते तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे वरच्या वातावरणातले वारे रडारनं मोजतात. पन्हाळ्यावरून रात्रीच्या आकाशातल्या अगदी मंद प्रकाशाचे फोटोही घेतले जातात, त्यांचा विषय पुढे येईलच.

दोन दोऱ्यांचं उपकरण

कुलाब्यात ताकद मोजायला जी युक्ती होती तीच आपण वापरायची. ती गाउस या जर्मन गणितज्ञाची. चुंबक एका दोऱ्यानं न टांगता दोन समांतर दोऱ्यांनी टांगायचा. मग वरचा आधार सावकाश फिरवत न्यायचा, इतका की दोऱ्यांच्या पिळानं चुंबक उत्तर-दक्षिण सोडून पूर्व-पश्चिम आडवा येतो. आता पृथ्वीचं क्षेत्र त्याला उत्तरेकडे खेचतंय आणि पीळ दुसरीकडे. दोघांची बरोबरी झालेली आहे. क्षेत्र जरा घटलं की पीळ जिंकतो आणि चुंबक थोडा वळतो. वळण म्हणजेच घट.

सामान असं. सात-आठ सेंटिमीटरचा पट्टीचुंबक. तो जुन्या पद्धतीचा, धातूचा, प्रयोगशाळेत लाल-निळा रंग दिलेला असतो तसला अल्निकोचा हवा. स्पीकरमधला काळा फेराइट किंवा चकचकीत निओडिमियम चालणार नाही, आणि याचं कारण नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरगुती उपकरणं इथेच मार खातात. तापमान वाढलं की चुंबकाची ताकद घटते. फेराइट दर अंशाला सुमारे ०.२ टक्के गमावतो. आपल्या ३९ हजारांच्या हिशेबात ती चूक अंशाला जवळजवळ ८० नॅनोटेस्ला होते. म्हणजे दुपारी खोली पाच अंशांनी तापली की ४०० नॅनोटेस्लांचं ‘वादळ’ झालंच म्हणून समजा. अल्निकोत हीच चूक अंशाला आठेक नॅनोटेस्ला राहते. ती दुरुस्त करता येते. त्यासाठी चुंबकाशेजारी एक तापमापी ठेवायचा आणि प्रत्येक वाचनासोबत तापमान लिहायचं.

दोरा म्हणून मासे धरायचा बारीक तंगूस उत्तम. लांबी मीटरभर, दोन दोऱ्यांमधलं अंतर एक ते दीड सेंटिमीटर. चुंबक, त्याचा लाकडी पाळणा आणि आरसा मिळून वजन शंभर-दीडशे ग्रॅम असावं. आरसा अगदी छोटा, पाळण्याला घट्ट चिकटवलेला. वर लाकडी तुळईला फिरवता येईल अशी लाकडी पट्टी. खिळे, स्क्रू पितळेचे. चुंबकाच्या खाली बोटभर अंतरावर तांब्याचं जाड ताट किंवा पत्रा ठेवा. चुंबक झुलायला लागला की तांब्यात प्रवाह उठतात आणि झोका लवकर शमतो. सगळ्याभोवती खोका, वाऱ्यासाठी. प्रकाशाचा किरण जायला काच.

लावायचं असं. आधी चुंबकाऐवजी तेवढ्याच वजनाचा लाकूड-पितळेचा तुकडा टांगून दोन्ही दोरे समांतर, बिनपिळाचे आहेत ना ते पाहा आणि पाळणा उत्तर-दक्षिण आणा. मग चुंबक ठेवा. मग वरची पट्टी फिरवत जा. पट्टी सुमारे १३५ अंश फिरल्यावर चुंबक ९० अंशांनी आडवा आला तर अंतर बरोबर जमलं. पट्टी शंभर अंश फिरताच चुंबक आडवा येत असेल तर दोरे एकमेकांपासून फार दूर आहेत, उपकरण मंद राहील, दोरे जवळ घ्या. चुंबक आडवा यायच्या आत दोरे एकमेकांवर चढून गरकन फिरले तर अंतर वाढवा. यात एक संध्याकाळ जाईल. घाई करू नका.

आरशावर लेझरचा किरण टाकून ठिपका तीन मीटरवरच्या भिंतीवर लावलेल्या मोजपट्टीवर पाडा. वरची मांडणी नीट असेल तर १०० नॅनोटेस्लांच्या बदलाला ठिपका सुमारे दीड सेंटिमीटर सरकतो. मे २०२४ सारख्या वादळात तो सहा सेंटिमीटर सरकला असता, भिंग लावायची गरजच नाही. लेझर घट्ट बसवा, तो हलला तर सगळं वाचन गेलं. लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर किरण असता कामा नये.

जागेबद्दल. स्थिर लोखंडाला घाबरू नका. स्लॅबमधल्या सळ्या, पत्र्याचं छप्पर, लोखंडी कपाट जागचं हललं नाही तर ते रोज सारखंच खेचतं, आपल्याला फक्त बदल हवा आहे. हलणारं लोखंड मात्र शत्रू. दहा मीटरवर उभी केलेली चारचाकी वीस-एक नॅनोटेस्लांचा फरक पाडू शकते, आणि अंतर निम्मं झालं की परिणाम आठपट होतो. ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहते ती बाजू टाळा. बोअरची मोटार, तिची केबल, इन्व्हर्टर यांच्यापासून दूर जा. उद्यमबागेच्या फाउंड्र्यांशेजारी किंवा मार्केट यार्डात ट्रक फिरतात तिथे हा उद्योग करू नये. गावातलं जुनं मातीच्या भिंतींचं घर असेल तर माजघर ही सर्वांत चांगली जागा, कारण तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. आणि वाचन घेणाऱ्यानं खिशातल्या किल्ल्या, मोबाइल बाहेर ठेवून यावं.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर, त्यातल्या होकायंत्राच्या सेन्सरवर वादळ दिसेल का? जवळजवळ नाहीच. तो साधारण शंभर-दीडशे नॅनोटेस्लांच्या पायरीनं मोजतो, शिवाय फोन किंचित कलला तरी आकडा हजारांनी बदलतो. त्याचा उपयोग दुसरा. जागा निवडताना भिंतीलगत फोन फिरवून आत लोखंड कुठे आहे ते शोधा. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या कॉलेजच्या मुलांनी आरएम३१०० नावाचा सेन्सर छोट्या संगणक-बोर्डाला जोडून पाहावा. तो आपल्या कामापुरता बारीक आहे आणि नोंद आपोआप होते. पण दोन दोऱ्यांचं उपकरण एकदा हातानं लावलेल्या मुलाला सौरवारा जितका कळेल, तितका स्क्रीनवरच्या आलेखानं कळणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाचन दिवसातून चार वेळा पुरे: सकाळी सात, अकरा, संध्याकाळी चार, रात्री दहा. पहिला महिना वादळ शोधूच नका. आधी रोजची लय ओळखा. शांत दिवशीही अकराच्या सुमारास क्षेत्र काही दशक नॅनोटेस्लांनी चढतं आणि संध्याकाळी खाली येतं. हा सौरवाऱ्याचा परिणाम नाही. उन्हानं वरच्या हवेत जे विजेचे प्रवाह उठतात, त्यांचा आहे. तो सूर्य मावळला की मावळतो. म्हणून वादळाची खरी पारख रात्रीच्या वाचनानं होते. रात्री दहाचा ठिपका नेहमीच्या जागेपासून ढळलेला दिसला आणि तापमान तेच असेल, तर वहीत तांबड्या शाईनं खूण करा आणि तासातासाला वाचन सुरू करा.

काळजी कशाची, आणि कशाची नाही

तब्येतीची नाही. वादळात होणारा बदल मूळ क्षेत्राच्या एक टक्क्याइतका. फ्रिजच्या दारावरचा शोभेचा चुंबक हाताळताना बोटांना याच्या हजारो पट क्षेत्र लागतं. ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण जाणार, फोन बंद करून दूर ठेवा’ हा संदेश गेली कैक वर्षं दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतोय. सौरवाऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पुढे पाठवू नका, आणि पाठवणारा घरचाच वडीलधारा असला तर नम्रपणे सांगा.

विजेची फारशी नाही. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अशाच वादळानं दीड मिनिटात वीजजाळं पाडलं, साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. पण ते ठिकाण ध्रुवीय प्रवाहांच्या जवळ आणि तिथला खडक वीज न वाहणारा. आपल्या अक्षांशावर लांब वीजवाहिन्यांत उठणारे प्रवाह त्या मानानं बरेच कमी. वळवाच्या पावसात कंग्राळीची लाइट गेली तर झाडाची फांदी शोधा, सूर्याकडे बघू नका.

जीपीएसची मात्र थोडी करा. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून, म्हणजे वरच्या विद्युतभारित थरातून येतो. वादळात हा थर ढवळला जातो आणि संदेशाला उशीर होतो, म्हणून जागा चुकते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात उपग्रहावर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची अचूकता गेली आणि शेतकऱ्यांना काम थांबवावं लागलं. आपल्याकडे निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसावर फवारणीचे ड्रोन फिरू लागलेत, जमीनमोजणीत सेंटिमीटरपर्यंत जागा देणारी यंत्रं वापरली जातात. त्यांच्यासाठी सांगायचं तर वादळाची सूचना असलेल्या दिवशी बांधाची मोजणी ठेवू नये. ठेवलीच तर एकच खूण सकाळी आणि दुपारी मोजून ताडून पाहावी. ड्रोन उडवण्याआधी उपग्रहांची संख्या आणि ‘फिक्स’ टिकतोय का ते दोन मिनिटं पाहावं. ड्रोनच्या होकायंत्राला वादळानं काही होत नाही, दिशा तर बदलतच नाही हे वर आलंय. ते बिघडतं ट्रॉलीच्या पत्र्यावरून ड्रोन उडवल्यानं.

आपल्या भागाला वादळाशिवायचीही एक अडचण आहे. चुंबकीय विषुववृत्तावर सूर्यास्तानंतर आयनांबरात भारित कण विरळ असलेले बुडबुडे तयार होऊन वर चढतात आणि आपल्या आकाशापर्यंत पसरतात. संदेश त्यातून येताना लुकलुकतो, कधी तुटतो. पन्हाळ्यावरून रात्री घेतलेल्या फोटोंत हे बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात. सौर सक्रियतेच्या वर्षांत मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, संध्याकाळी साडेसात ते मध्यरात्र, यांचा जोर असतो. त्या वेळेत नाजूक मोजणीचं काम घेऊच नये. सांबरा विमानतळावर उतरणाऱ्या विमानांची चिंता आपण करायला नको, त्यांच्याकडे दुसरी साधनं असतात.

वाट कधी पाहायची

वादळं वर्षभर सारखी येत नाहीत. दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांच्या आसपास पृथ्वीचा कल असा असतो की सौरवाऱ्यातल्या क्षेत्राला दक्षिणेकडची दिशा सहज मिळते. म्हणजे गुढीपाडव्याच्या आगेमागे आणि नवरात्राच्या सुमारास उपकरणाकडे जास्त लक्ष द्या. १० ऑक्टोबर २०२४ चं मोठं वादळ, साडेतीनशेच्या घरात क्षेत्र घटवणारं, नवरात्रातच आलं होतं.

सध्याचं सौरचक्र पंचविसावं. त्याचा कळस २०२४ च्या सुमारास झाला. कळस ओसरल्यानंतरच्या वर्षांत अचानक येणारे लोंढे कमी होत जातात, पण सूर्याच्या प्रभामंडलातल्या खिडक्यांतून, ज्यांना प्रभामंडल-विवरं म्हणतात, सेकंदाला सातशे-आठशे किलोमीटरचा वेगवान वारा येत राहतो. सूर्य आपल्या दृष्टीनं सत्तावीस दिवसांत एक फेरी करतो, त्यामुळे तेच विवर सत्तावीस दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ज्या तारखेला रात्रीचा ठिपका ढळला, तिथून सत्तावीस दिवस मोजून पेन्सिलीनं खूण करून ठेवा. सलग तीन-चार वेळा त्याच खुणेच्या मागेपुढे क्षेत्र घटलं तर तुम्ही एका विवराचा पाठलाग करताय. नवशिक्यासाठी मोठ्या वादळाची वाट पाहत बसण्यापेक्षा हे काम अधिक बरं, कारण ते हाती लागण्याची शक्यता जास्त.

सूचना कुठे पाहायच्या? अमेरिकेचं अवकाश-हवामान केंद्र वादळांना जी१ ते जी५ अशा पायऱ्या देतं. आपल्या दोन दोऱ्यांच्या उपकरणावर जी१, जी२ रोजच्या लयीत हरवण्याची शक्यता जास्त, जी३ पासून पुढे उत्साहानं बसायला हरकत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतलं अवकाशविज्ञान केंद्रही सूर्यावरच्या घडामोडींचे अंदाज देतं. पण सर्वांत उपयोगी आकडा जपानच्या क्योतो विद्यापीठाचा. वलयप्रवाहानं क्षेत्र किती घटवलं याचा दर तासाचा एकच आकडा ते रोज संकेतस्थळावर टाकतात. वजा पन्नासच्या खाली गेला तर वादळ, वजा शंभरच्या खाली गेला तर मोठं, वजा अडीचशेच्या खाली असे प्रसंग एका सौरचक्रात मोजकेच. क्योतोची वेळ ग्रीनिचची असते, साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

शेवटी पडताळा. अलिबाग कंग्राळीपासून साडेतीनशे किलोमीटरवर आहे. वलयप्रवाह हजारो किलोमीटर वर वाहत असल्यानं इतक्या अंतरावर त्याचा परिणाम जवळपास सारखाच पडतो. अलिबागच्या नोंदी भूचुंबकत्व संस्थेच्या मुंबईतल्या जागतिक विदा केंद्रातून मिळतात. एखाद्या वादळाचे तुमचे ठिपके सेंटिमीटरमध्ये एका आलेखावर काढा आणि अलिबागचे नॅनोटेस्ला दुसऱ्या अक्षावर. बिंदू एका सरळ रेषेच्या आसपास पडले तर त्या रेषेच्या चढावरून तुमच्या भिंतीवरच्या एका सेंटिमीटरला किती नॅनोटेस्ला ते कळेल. बिंदू विखुरले तर आधी तापमानाचा रकाना तपासा, मग त्या दिवशी दारात कोणाची गाडी उभी होती ते विचारा.